घराची पत

आमच्या बेंबळीच्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्या तळाशी आजोबांनी करून दिलेलं गहाणखत होतं. भाषा उर्दू, साल फसली आणि रक्कम हाली शिक्क्यात. निजामाचे सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, हा हिशेब माझ्या वडिलांना शेवटपर्यंत तोंडपाठ होता. गहाण ठेवलं होतं ते राहतं घर. मी बी.ए.ला असताना तो कागद वडिलांकडून वाचून घेतला. त्यात व्याजाचा दर कुठंच नव्हता.

दर नव्हता, कारण व्याजच नव्हतं. सूद देणं आमच्यात हराम. म्हणून आजोबांनी कब्जेगहाण केलं. सावकारानं रक्कम द्यायची, व्याज मागायचं नाही आणि त्याच्या बदल्यात आमची सोप्यालगतची खोली कडबा ठेवायला वापरायची. मौलवीसाहेबांना नीट विचारलं असतं, तर तेही व्याजच आहे असं त्यांनी सांगितलं असतं. आजोबांनी विचारलं नाही. ती खोली परत मिळायला एकोणीस वर्षं लागली. (संस्कृतात 'व्याज' या शब्दाचा एक अर्थ बहाणा, कपट असाही आहे. हे मला फार उशिरा कळलं.)

ज्यांच्या कागदावर दर असे, त्यांचं काय? वडील म्हणायचे, "दर माणूस बघून ठरायचा." म्हणजे विहीर किती हातांवर लागली, मुलगे किती, मागच्या साली ज्वारी कशी झाली, हे सगळं सावकाराला ठाऊक असे. ज्याची नड मोठी त्याला दर चढा.

या सावकारीविरुद्ध १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी लोक उठले. त्यांच्या रोखाचा नेम कर्जरोख्यांवर आणि गहाणखतांवर होता, कारण कागद जळाला की कर्ज जळालं अशी त्यांची समजूत होती. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्याच्या मागं जाऊन मूळ हिशेब तपासता येऊ लागला, अवाजवी व्याज कमी करता येऊ लागलं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणून तिथल्या कुणब्याला हा आधार मिळाला. आमची बेंबळी मोगलाईत. इंग्रजांचा तो कायदा हद्दीवरच थांबला. अर्थात सावकारही हुशार. कायदा आल्यावर अनेकांनी गहाणखत सोडून सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली आणि पैसे फेडल्यावर परत देण्याची बोली तोंडी ठेवली.

पगार बघून, वीस-वीस वर्षांच्या हप्त्यांनी सामान्य माणसाला घरासाठी कर्ज देणं ही आपल्याकडं तशी अलीकडची गोष्ट. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसी स्थापन केली तेव्हा तिचा पाया पडला. लोक हप्ते बुडवतील, असं त्या वेळी पुष्कळ जाणते सांगत होते. लोकांनी हप्ते फेडले. पण ही सोय शहरातल्या सदनिकेला होती, कारण तिचा कागद सरळ असतो.

आमच्या घराचा कागद सरळ नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचं ओझं यांनी माणसं गाडली गेली. त्यानंतर अम्मी कित्येक महिने अंगणात झोपली. माळवद उतरवून घर नव्यानं बांधावं हे तेव्हापासून मनात होतं. २००४च्या सुमारास वर्तमानपत्रांत आठ टक्क्यांच्या आसपासच्या गृहकर्जाच्या जाहिराती येत होत्या. मी एका बँकेत गेलो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढं केला. साहेब सज्जन होते. म्हणाले, "हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. घर तुमच्या मालकीचं आहे, असं हा म्हणत नाही." त्याऐवजी वैयक्तिक कर्ज देऊ केलं, जवळजवळ दुप्पट दरानं. मी ते घेतलं. त्यात दोन खोल्यांवरचं माळवद उतरलं, पत्रे आले. बाकीचं राहिलं.

गावठाणातल्या घरांची मोजणी पिढ्यान् पिढ्या झालीच नव्हती. सातबारा शेताचा, गावठाणाला तो नाही. शंभर वर्षं राहतं घर असूनही तारण म्हणून त्याची किंमत शून्य. पुढं पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी ड्रोननं गावठाण मोजून पाहिलं आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्रानं देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर केली. घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते आणि तिच्यावर कर्ज मिळू शकतं, असा तिचा हेतू. तीस वर्षांनी का होईना, दार किलकिलं झालं असं मला वाटलं.

पण पत्रिकेवर नाव कुणाचं? घर वडिलांचं. वारस मी, धाकटा भाऊ आणि आपा. शरियतप्रमाणं भावाच्या निम्मा वाटा आपाचा. बँकेत पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की आपाकडून हक्कसोडपत्र घ्या, काम सोपं होईल. आपा फोनवर म्हणाली, "कुठं सही करायची ते सांग." मी कागद तयारच केला नाही. बापाच्या घरातला तिचा वाटा मी व्याजाच्या दीड-दोन टक्क्यांसाठी सोडवून घ्यायचा?

मग दुसरा मार्ग निघाला. आपालाही सहकर्जदार करायचं. त्यासाठी तिचा सिबिल गुण काढला. २००० साली स्थापन झालेल्या या संस्थेकडं कर्जदारांच्या हप्त्यांची नोंद असते. गुण ३०० ते ९०० असतात. ७५०च्या वर असला की सहसा दर उतरतो. माझा बरा निघाला, कारण ते महागडं वैयक्तिक कर्ज मी वेळेवर फेडलं होतं. आपानं उभ्या आयुष्यात कुणाचा रुपया थकवला नाही, कारण कधी घेतलाच नाही. सूद नको म्हणून तिनं शिलाई मशीनसुद्धा साठवलेल्या पैशांनी घेतली. तिच्या नावापुढं आलं, उणे एक.

"म्हणजे मी नापास?" तिनं विचारलं. तिला समजावलं की याचा अर्थ नोंदच नाही. ती हसली. म्हणाली, "मग आधी कर्ज काढून बघू का एखादं?"

बँकेतल्या मुलीनंही तोच सल्ला दिला होता. अर्ज अजून टेबलावर आहे. मागच्या दोन खोल्यांवर माळवद तसंच आहे आणि पावसाळ्यात आम्ही तिथं कुणाला झोपू देत नाही.