बुरशीपासून मूत्रपिंडापर्यंत

वडूजच्या मेडिकलमधून आजोबांसाठी आणलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं मूळ क्योटोतल्या एका धान्यदुकानात आहे. तिथल्या तांदळावरच्या बुरशीत अकिरा एंडोंना १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन सापडलं. त्याच सुमारास अमेरिकेत ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी दाखवलं, की काही घराण्यांत कोलेस्टेरॉल वाढतं ते जनुकातल्या दोषामुळे. पुढे २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन बाजारातून काढून घ्यावं लागलं. स्नायू विरघळून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडं निकामी करत होतं, माणसं दगावली. २००८ मध्ये कळलं, की एका जनुकातल्या फरकाने सिमव्हास्टॅटिनच्या मोठ्या डोसने स्नायूंना होणारा धोका वाढतो. म्हणजे गोळी एकच, पण अंग ज्याचं त्याचं. असा त्रास विरळाच, म्हणून गोळी मनाने बंद करू नका. पण अंग फार दुखून लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.