दुर्गाबाईंची धाकटी बहीण

  

तर झालं असं. माझ्या नातीने पोषणशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. गणपतीत सगळे जमलो होतो, तिथे विषय निघाला आणि घरातलंच एक जाणतं माणूस म्हणालं, "दोन वर्षं शिकून शेवटी डबाच भरायचा ना?" सगळे हसले. नातही हसली, पण ते हसू कसं होतं ते मी पाहिलं. तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते. (नाव घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल!)

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. दुर्गा भागवत हे नाव आमच्यासाठी फार मोठं. 'ऋतुचक्र' वाचून आम्ही मुली कॉलेजच्या आवारातल्या झाडांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो होतो. पुढे १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेव्हा आम्हा शिक्षिकांना केवढा अभिमान वाटला होता! पण या दुर्गाबाईंना एक धाकटी बहीण होती आणि ती अन्नावर संशोधन करणारी मोठी शास्त्रज्ञ होती, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. एवढी वर्षं शिकवलं, पण एकाही मुलीला कमलाबाईंचं नाव सांगितलं नाही. सांगणार कुठून? मलाच माहीत नव्हतं.

कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रातले, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. म्हणजे घरात मुलीने शास्त्र शिकण्याचं अप्रूप नव्हतं. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बी.एससी. झाल्या आणि वडिलांच्याच संस्थेत पुढचं शिकायला जायचं असं ठरवून त्यांनी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. नकाराचं कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

आपण काय केलं असतं? मी तर निमूट घरी आले असते. कमलाबाई बंगलोरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला प्रवेश का नाही ते सांगा, असं विचारलं. त्या काळात गांधीजींचा सत्याग्रह घराघरांत पोचला होता, तेच हत्यार या मुलीने वापरलं. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतल्या मुलांचं लक्ष आपल्यामुळे विचलित होता कामा नये!

ही शेवटची अट वाचून मला हसू आलं आणि मग रागही आला. लक्ष त्यांचं, आणि जबाबदारी हिची.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि श्रीनिवासय्या या शिक्षकांच्या हाताखाली काम सुरू केलं. विषय होता दूध, डाळी आणि कडधान्यांतली प्रथिनं. ज्या देशात बहुसंख्य गरिबांना प्रथिनं मिळतात ती डाळींतूनच, त्या देशात हा विषय साधा नव्हे. वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली आइकमान यांच्याबरोबर नोबेल मिळालं होतं. आइकमान म्हणजे जावा बेटावर ज्यांच्या लक्षात आलं, की पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगाने लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम केलं. पेशींमध्ये ऑक्सिडेशनच्या क्रियेत भाग घेणारं 'सायटोक्रोम सी' वनस्पतींतही असतं, असं त्यांना दिसलं. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी प्रबंध पुरा केला. तो होता फक्त चाळीस पानांचा! १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, असं त्यांना म्हणतात. (जानकी अम्मल यांना १९३१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एससी. मिळाली होती, हेही सांगायला हवं. दोघीही मोठ्याच.)

१९३९ सालीच त्या भारतात परतल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकवलं, मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. मॅककॅरिसन या डॉक्टरांनी १९१८ साली बेरीबेरीच्या तपासासाठी तिथे एका खोलीत काम सुरू केलं होतं, त्यातून ही प्रयोगशाळा वाढली. पुढे १९५८ साली ती हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

१९४७ साली लग्न होऊन कमलाबाई मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. इथल्या त्यांच्या कामात मला माझं स्वयंपाकघर दिसलं. नीरेतले पोषक घटक, ताडगूळ, तांदळाचं पीठ, कडधान्यं, असे त्यांचे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे विषय. नीरेच्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं.

आणि वाल! आमची आजी वाल भिजवायची, मोड आणायची, एकेक सोलायची आणि मग बिरडं करायची. येता-जाता एखादा तोंडात टाकला, की ओरडायची, "कच्चे खाऊ नकोस गं, पोटात दुखेल." का दुखेल ते तिला माहीत नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नाही. १९५६ साली कमलाबाई आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने वालातल्या ज्या प्रथिनावर शोधनिबंध लिहिला, ते आपल्या पोटातल्या ट्रिप्सिनला अडवतं. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं पचवणारं एन्झाइम. वाल नीट शिजवले, की हे अडवणारं प्रथिन बरंचसं निकामी होतं. आजीचं बरोबरच होतं. पण आजीला फक्त वालाचं कळत होतं. 'का' कळलं, की नवीन कडधान्य समोर आलं तरी सांगता येतं, शंभर मुलांच्या आश्रमशाळेचा आहारही ठरवता येतो. डबा भरणं आणि पोषणशास्त्र शिकणं, यांत फरक आहे तो एवढा.

गंमत बघा, दुर्गाबाईंनी 'खमंग' हे पाककृतींचं पुस्तक लिहिलं. एकीने चव लिहून ठेवली, दुसरीने त्या चवीच्या आत काय आहे ते शोधलं.

कमलाबाई पुढे विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत काम केलं, 'कीमत' मासिकात ग्राहकांसाठी लेख लिहिले. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या.

आता जे सांगणार आहे ते लिहू की नको, असा दोन दिवस विचार करत होते. १९८० च्या सुमाराची गोष्ट. माझ्या वर्गातली एक मुलगी शास्त्रात फार हुशार होती, प्रश्नही छान विचारायची. दहावीनंतर तिचे वडील सल्ला विचारायला आले. मी म्हटलं, "सायन्सचं कॉलेज लांब आहे, प्रॅक्टिकलं उशिरापर्यंत चालतात, मुलीची जात. आर्ट्सला घाला." त्यांनी ऐकलं. बाईच म्हणाल्या म्हटल्यावर का नाही ऐकणार? मला तेव्हा वाटलं, मी तिचं भलंच बघतेय.

रामन यांनाही तसंच वाटलं असेल का? ते फार मोठे, मी कोण! पण दार अडवणारं माणूस वाईटच असतं असं नाही, हे मला माझ्यावरूनच कळलं. आणि रामन यांनी निदान आपला निर्णय बदलला. मला कोणी 'का' विचारायलाच आलं नाही. ती मुलगी काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भेटली. पाया पडली, नातवाचे फोटो दाखवले. त्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून या वेळी तरी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. नातीला फोन करून कमलाबाईंची सगळी गोष्ट सांगितली. तर ती म्हणते, "आजी, त्यांच्याबद्दल मला माहीत आहे गं, पण वालाचं माहीत नव्हतं." रविवारी येणार आहे. वाल आजच भिजत घातले आहेत. सोलायला तिलाच बसवणार!

तुमच्याकडेही कोणा मुलीला असं अडवलं असेल किंवा कोणी हट्टाने शिकली असेल, तर जरूर लिहा. मी वाट बघते.