गासडीच्या पोटातील आग

कुर्डुवाडीहून मोडनिंबमार्गे पंढरपुरास जाणारी बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली सुरू झाली. वारकऱ्यांइतकाच तिला बार्शीच्या कापसाचा आधार होता. आणि कापूस आला की वखार आली, वखारीमागून आगीचे भय आलेच!

यावर पार्मली व ग्रिनेल या अमेरिकनांनी १८७४ ते १८८१ च्या दरम्यान तोडगा काढला. छताच्या नळाला मऊ धातूचे कुलूप. सुमारे ७० अंश सेंटिग्रेडला ते वितळते नि पाणी आपोआप बरसते. युक्ती सुरेख, परंतु गासडीची आग आत दडते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात ८,७०० गासड्या व सुमारे १,४०० टन दारूगोळा एकत्र होता. बंबांनी पाणी ओतले, पण आग विझली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला. ६६ अग्निशामक जवान कामी आले.

उंच मांडणीच्या गोदामांतही तोच पेच. वरच्या फळ्या पाणी अडवितात, मधल्या फटी धुराड्यासारख्या ज्वाळा वर ओढतात. म्हणून आता तुषारनळ छताबरोबर फळ्याफळ्यांच्या मधूनही बसवितात. खर्च वाढतो, हे खरे, व्यापारी कुरकुरतोही.