एका मूत्रपिंडावर माणूस जगेल काय?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक अशीं दोन मूत्रपिंडें निसर्गानें आपणांस दिलीं आहेत. त्यांपैकीं एक काढून टाकलें तर माणूस जगेल काय? १८६९ सालापूर्वीं या प्रश्नाचें खात्रीचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. आणि तें मिळेपर्यंत मूत्रपिंडाच्या कर्करोगावर शस्त्र चालविण्याचें धैर्य वैद्यांस होणें शक्य नव्हतें.

१८६१ सालीं अमेरिकेंत मिलवॉकी येथें वॉलकॉट नांवाच्या शल्यवैद्यानें यकृताची समजून एक गांठ काढली. ती निघाली मूत्रपिंडाची. रोगी थोड्याच दिवसांत दगावला. चुकून घडलेल्या कृत्यानें प्रश्न सुटत नसतो. तो विचारपूर्वक सोडविला जर्मनींतील हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह सिमॉन यांनीं. त्यांच्याकडे आलेल्या एका स्त्रीची मूत्रवाहिनी पूर्वींच्या शस्त्रक्रियेंत दुखावली होती, व मूत्र सतत गळत असे. सिमॉन यांनीं घाई केली नाहीं. आधीं कुत्र्यांचें एकेक मूत्रपिंड काढून पाहिलें. उरलेलें मूत्रपिंड दोघांचें काम करतें अशी खात्री पटल्यावरच २ ऑगस्ट १८६९ रोजीं त्यांनीं त्या स्त्रीचें एक मूत्रपिंड काढलें. ती वांचली, आणि कर्करोगावरील शस्त्रक्रियेचाही मार्ग मोकळा झाला.

सिमॉन यांच्यामागून हायडेलबर्गला आलेल्या चेर्नी यांनीं १८८७ सालीं एक पाऊल पुढें टाकलें. संपूर्ण मूत्रपिंड न काढतां त्यांनीं गांठीपुरताच भाग कापला. परंतु रक्तस्रावाच्या भयानें ही रीत मागें पडली. १९६९ सालीं टोरांटोच्या रॉब्सन यांनीं भोंवतालच्या आवरणासह मूत्रपिंड समूळ काढण्याची पद्धति प्रतिष्ठित केली, व कित्येक वर्षें तीच चालली.

पुढें सोनोग्राफी व सी. टी. स्कॅन यांमुळें लहान गांठी वेळींच दिसूं लागल्या. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो हें खरें. पण मधुमेह वा रक्तदाब असलेल्याचें उरलेलें मूत्रपिंड हळुहळू थकूं शकतें, हेंही ध्यानांत आलें. म्हणून आज चार सेंटिमीटरपर्यंतची गांठ शक्य तेथें तेवढीच काढतात. शल्यवैद्याच्या जोडीस मूत्रपिंडतज्ज्ञ असेल, तर तो आधीं व नंतरही रक्तांतील क्रिएटिनिन, लघवींतील प्रथिनें आणि रक्तदाब यांवर नजर ठेवतो. एक काढतां येईल काय, हा सिमॉन यांचा प्रश्न होता. किती राखतां येईल, हा आजच्या वैद्याचा आहे.

मात्र राखण्याजोगें कांहीं उरावें, तर रोग लवकर कळला पाहिजे. लघवींतून रक्त गेलें, दुखलें नाहीं, पुन्हां गेलें नाहीं, म्हणून कोणीही स्वस्थ बसूं नये.