चार जीबीतली पाऊण जीबी गेली कुठे?

प्रबंधाच्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं: "३२-बिट सिस्टीमला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम दिसत नाही." गाइडनी समासात फक्त प्रश्नचिन्ह काढलं. मला वाटलं, यात विचारायचं काय? सगळ्यांनाच माहितीये की!

मग मागे गेलो. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्ते २० बिटांचे, म्हणजे एकूण १ एमबी. त्यातले ६४० केबी प्रोग्रॅमना, उरलेले ३८४ केबी स्क्रीन, बायोस वगैरेंसाठी राखीव. १९८५ च्या ८०३८६ ने पत्ते ३२ बिटांचे केले, मर्यादा ४ जीबी झाली. राखीव जागेची पद्धत मात्र राहिली. ग्राफिक्स कार्डासारखी उपकरणं वरचे पत्ते अडवतात, म्हणून ४ जीबी बसवूनही सव्वातीनच्या आसपास दिसते.

इथवर ठीक. पण १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये पीएई आलं: ३६ बिटांचे पत्ते, ६४ जीबी. विंडोज सर्व्हर २००३ च्या मोठ्या ३२-बिट आवृत्त्या ४ जीबीच्या पुढे जायच्याच. मग एक्सपी का नाही? कारण बरेच ड्रायव्हर ४ जीबीपुढचा पत्ता आला की गडबडायचे. म्हणून २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये मायक्रोसॉफ्टने मुद्दाम कुंपण घातलं.

म्हणजे माझं वाक्य अर्धंच खरं होतं. मी निर्णयाला गणित समजलो होतो. तुमच्या मसुद्यातही असं एखादं "सगळ्यांना माहीत असलेलं" वाक्य असेल. त्याला अपवाद आहे का, एवढं आधी शोधा.