पाठीवरचा पितळी पंप

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. शिरूर अनंतपाळच्या आमच्या जुन्या घरी एका वर्षी हंडे-घागरींबरोबर फवारणीचा एक पितळी पंप खाली आला. आईने सवयीने त्यालाही चिंच लावून घासले, समईशेजारी उन्हात ठेवले आणि विचारले, "औषध मारायच्या डब्याला एवढं चांगलं पितळ कशाला लावलं असंल रे?" प्रश्न अगदी घरगुती, पण त्याचे उत्तर शोधायला मला थेट फ्रान्सात जावे लागले.

गोष्ट १८८२ सालची. बोर्दो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातल्या द्राक्षमळ्यांतून हिंडत होते. केवडा रोगाने वेलींची पाने झडून गेली होती. मात्र रस्त्याच्या कडेच्या काही वेली हिरव्यागार दिसल्या. चौकशी करता कळले की, वाटसरूंनी द्राक्षे चोरून खाऊ नयेत म्हणून मालकाने त्यांवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडले होते. चोरांसाठी केलेली युक्ती रोगावर लागू पडली! प्रयोग करून मिलार्दे यांनी १८८५ साली ती प्रसिद्ध केली, आणि बोर्डो मिश्रण जगभर गेले.

सुरुवातीला हे मिश्रण झाडूने शिंपडीत. त्याने निम्मे औषध जमिनीवर आणि उरलेले शिंपडणाऱ्याच्या अंगावर जाई. व्हिलफ्रान्श गावच्या व्हिक्टर व्हेर्मोरेल या कारखानदाराने मग पाठीवर घेऊन हाताने चालवायचा पंप काढला. त्याचे नाव 'एक्लेअर', म्हणजे वीज. पण मोरचुदाचा एक स्वभाव आहे. लोखंडाशी त्याचे पटत नाही. ते लोखंडाला खाते आणि त्याच्या जागी तांब्याचा थर चढवते. आपले बागायतदार मिश्रणात विळ्याचे पाते बुडवून पाहतात ते याचसाठी. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला असे समजायचे. लोखंडी पंप अशा औषधाने थोडक्यात संपला असता. म्हणून तांबे, म्हणून पितळ. आईचे समाधान झाले. माझे मात्र कुतूहल वाढले.

१९१० च्या सुमारास म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर हेच मिश्रण वापरले. आमचा मुलूख ज्वारी-तुरीचा, कोरडवाहू. आणि १९४८ पर्यंत निजामाचा. तिथे पंप प्रथम आला तो पिकासाठी नव्हे, डासांसाठी, असे घरातली थोरली माणसे सांगत.

हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९५३ साली सुरू झाली. तिचे मुख्य हत्यार म्हणजे रिकिबीचा पंप. पंपाची नळी बादलीत, बाहेर लोंबणाऱ्या रिकिबीत एक पाय रोवलेला, एकजण दांडा खालीवर करतो आहे आणि दुसरा लांब नळीने भिंतीवर डीडीटी मारतो आहे. हे चित्र पाहिलेली माणसे आजही भेटतील. हाच पंप १९४० साली लंडनमध्ये विमानांतून पडणाऱ्या आगलाव्या बॉम्बवर पाणी मारीत होता! स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. पुढे रोगाने पुन्हा उचल खाल्ली, १९७६ साली चौसष्ट लाखांवर गेला, ती कथा निराळी.

या मोहिमांनी जगाला पंप तपासायलाही शिकवले. घरांच्या फवारणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जे माप धरले, त्यात चौरस इंचाला ४० पौंड दाब असताना तोटीतून मिनिटाला ७५७ मिलिलिटर द्रावण पडले पाहिजे. त्याहून बरेच जास्त पडले तर तोटीचे भोक झिजले म्हणून ती फेकायची. तोटी तुंबली तर तारेने कोरायची नाही, तोंडाने तर मुळीच फुंकायची नाही. पाण्याने नाहीतर मऊ केसाने साफ करायची. काम झाले की टाकी, नळी, तोटी स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन पंप उलटा टांगायचा. दट्ट्याच्या कातडी वायसरला तेल द्यायचे, नाहीतर ते वाळून आक्रसते आणि दांडा कितीही हलवला तरी हवा भरत नाही.

आमचा पितळी पंप हवा कोंडायच्या जातीचा होता. टाकी तीन-चतुर्थांश भरायची, उरलेल्या जागेत हवा ठासायची, मग चाप दाबला की ती हवाच औषध बाहेर ढकलते. हे सोपे दिसते. पण हिशेब करून पाहा. टाकीचा व्यास आठ इंच आणि दाब ५५ पौंड धरला, तर तळावर सुमारे साडेबारा क्विंटल जोर येतो. लातूरच्या अडतीतली तुरीची साडेबारा पोती एकावर एक रचल्यासारखा! आणि ही टाकी माणसाच्या पाठीला बांधलेली असते. म्हणूनच दाब पूर्ण सोडल्यावाचून झाकणाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

टाकीची ताकद तपासायची ती हवेने नव्हे, पाण्याने. हे ज्याने ठरवले तो मला फार शहाणा वाटतो. दबलेली हवा म्हणजे पिळलेली कमान. टाकी फुटली तर ती पत्र्याचे तुकडे भिरकावून देते. पाणी दाबाने जवळजवळ आक्रसतच नाही. म्हणून टाकीतली सगळी हवा घालवून ती पाण्याने काठोकाठ भरतात आणि मग कामाच्या दाबाहून जास्त दाब देतात. टाकी हरली तरी एक चिळकांडी उडते आणि दाब उतरतो. अर्थात हे काम कारखान्याचे, अंगणात करायचे नव्हे. घरी नेहमीच्या दाबाला सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

आमच्या घरी तेवढेही कुणी पाहिले नव्हते. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षे. तूर फुलोऱ्यात होती, अळी पडली होती. आमचे सालगडी, त्यांना आम्ही मुले तात्या म्हणत असू, हा पंप पाठीवर घेऊन सकाळपासून फवारीत होते. वरच्या सांध्याचे वायसर चिरलेले होते. तिथून औषधाचा ओघळ शर्टात उतरत होता, पण घामाने भिजलेल्या पाठीला तो वेगळा कसा जाणवणार? संध्याकाळी तात्यांना उलट्या झाल्या, तोंडाला पाणी सुटू लागले, हातपाय थरथरू लागले. "ऊन लागलं," असे म्हणून आजीने कांदा फोडून नाकाशी धरला, ताक पाजले. ओला शर्ट मात्र रात्रभर अंगावरच राहिला. तात्या आठवड्याने उठले. पुढे पंपाला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांचे ते दुखणे उन्हाचे नव्हते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी, कीटकनाशके कातडीतून अंगात भिनतात हे वाचले तेव्हा उमगले. वायसरची किंमत काही पैसे होती.

विषाची भीती देशाला तोवर ठाऊक नव्हती असे नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे मेली. त्यातून चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. पण त्या कायद्याचा डोळा बाटलीवर होता. पंपाची मानके वेगळी निघाली, आणि विकत घेतलेला पंप दहा वर्षांनी कसा आहे हे पाहायला शिवारात कोण येणार? २०१७ च्या पावसाळ्यात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी किमान वीस माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, औषधांची मिसळण, उघडे अंग, फवारणीची यंत्रे, अशी अनेक कारणे पुढे आली. त्या बातम्या वाचताना मला तात्यांचा शर्ट दिसत होता.

आता पितळ गेले, प्लास्टिक आले. माझ्या पुतण्याचा पंप पाठीवर घेऊन हाताच्या दांड्याने चालवायचा. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो तुरीवर औषध मारायला निघाला, तेव्हा मी त्याला आधी नुसते पाणी भरायला लावले. कुरकुरत त्याने पंप पाठीवर चढवला, दांडा हलवला, चार वेळा वाकला. उतरवून पाहतो तो झाकणाखालून ओघळ येऊन खांद्याच्या पात्यावर हाताच्या पंजाएवढा शर्ट भिजला होता. भाऊबीजेमुळे गावातली दुकाने बंद होती. नवे वायसर दुसऱ्या दिवशी मिळाले, आणि फवारणी एक दिवस लांबली.