तळहातावरचा बोरघाट

पुण्याकडे निघालेली लांबच्या पल्ल्याची गाडी कर्जतला थांबली, कीं बहुधा तिच्या पाठीशीं मदतीचें एंजिन येऊन भिडतें. आम्ही कर्जतकर त्याला 'बँकर' म्हणतों. त्याच्या रेट्यावांचून बोरघाट चढवत नाहीं. आज मला अशा एंजिनांविषयीं बोलावयाचें आहे. परंतु खऱ्या नव्हे, तर तळहातावर मावणाऱ्या. पितळी पत्रा, तार आणि कानस घेऊन कांहीं हौशी माणसें महिनोन्महिने बसतात आणि चिमुकल्या एंजिनाचा एकेक कठडा, एकेक शिडी हातानें घडवितात. हा पोरखेळ आहे काय? एके काळीं मलाही तसेंच वाटे.

प्रथम घाटाकडे पाहूं. खालापूर तालुक्यांतील खोपोलीपर्यंत रूळ १८५६ सालींच पोंचले होते. पण पुढचा डोंगर उतारूंनीं रेल्वेवांचूनच चढावा लागे. मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले यांच्या आंखणीप्रमाणें घाटाचें काम सुरू झालें. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालविलें. हजारों मजुरांनीं कातळ फोडला आणि त्यांतले कितीतरी पटकीनें व अपघातांनीं दगावले. १८६३ सालीं गाडी घाट चढली. चढ कोठें कोठें ३७ फुटांस १ फूट, आणि वाटेंत एक 'रिव्हर्सिंग स्टेशन', जेथें एंजिन गाडीच्या दुसऱ्या टोंकास जोडून उलट दिशेनें निघावें लागे. १९२९ सालीं विजेची गाडी आली, मार्ग बदलला आणि तें स्टेशन ओस पडलें.

विजेबरोबरच आमच्या घाटांत आला 'खेकडा'. मालगाड्यांचें हें विजेचें एंजिन स्वित्झर्लंडच्या धर्तीचें. मधोमध खोली, दोहों बाजूंस लांब नाकाडें, आणि चाकांना जोडणारे, गरगर फिरणारे दांडे. अशीं ४१ एंजिनें आलीं. माझें बालपण त्यांच्या कण्हण्याच्या आवाजांतच गेलें.

पुढें मी शिक्षक झालों. एका प्रदर्शनासाठीं मुलांकडून पुठ्ठ्याचा खेकडा करविला. रंग, नंबर, खिडक्या सर्व यथास्थित होतें. एक वृद्ध, निवृत्त ड्रायव्हर वांकून पाहूं लागले. म्हणाले, "गुरुजी, खेकडा झाला खरा, पण याला पायच नाहींत कीं!" करावयास अवघड म्हणून चाकांचे दांडे आम्हीं गाळले होते. मी खजील झालों. रात्रीं मुलांनीं सायकलच्या आऱ्यांचे दांडे करून बसविले. दुसऱ्या दिवशीं आजोबा पुन्हां आले, त्यांनीं बोटानें चाक हळूच फिरविलें, आणि बराच वेळ ते कांहींच बोलले नाहींत. बारीक तपशिलाची किंमत मला त्या दिवशीं कळली.

हें काम सोपें नाहीं. जगांत सर्वांत रूढ प्रमाण १:८७ असें आहे. त्या मापानें इंचभर जाडीचा कठडा म्हणजे ०·३ मिलिमीटरची तार. रिव्हेट उठवावयाचे, तर पत्र्याच्या पाठीवर सुईनें टोंचे मारावे लागतात, आणि एक टोंचा चुकला तर पत्रा वायां जातो. या प्रमाणाचे बाजारी रूळ १६·५ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे विलायती ४ फूट ८॥ इंची मार्गाचे. आपल्या ५ फूट ६ इंची मार्गाला १९·३ मिलिमीटर हवेत आणि नेरळ-माथेरानच्या २ फुटी मार्गाला अवघे ७. म्हणून आमचा घाट खरा उतरवावयाचा, तर रुळांपासूनच हातानें आरंभ करावा लागतो.

१९०७ सालीं सुरू झालेल्या त्या माथेरानच्या गाडीचीं जर्मन एंजिनें पाहावीं. वळणें फार तीव्र, म्हणून पुढच्या व मागच्या चाकांचे आंस पोकळ करून त्यांना वळणावर किंचित् कलण्याची मुभा ठेविली होती. बाहेरून हें दिसत नाहीं. परंतु प्रतिकृति करणाऱ्यानें याला कांहीं तोड काढली नाहीं, तर त्याचें एंजिन पहिल्याच वळणावर रूळ सोडतें. डोंगरानें एंजिनियरला घातलेलें कोडें तो आपल्या मेजावर पुन्हां सोडवितो. याला पोरखेळ कसें म्हणावें?

पुण्यास कोथरूडला भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं लघुरेल्वेचें संग्रहालय उघडलें. मुलांना घेऊन तें अवश्य पाहावें. खेकडे विसाव्या शतकाच्या अखेरीस घाटांतून गेले. त्यांतला 'सर लेस्ली विल्सन' दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत उभा आहे. एंजिनाचें लोखंड संग्रहालय जपेल. पण दिवा कोठें टांगीत, कोणत्या पायरीवर पाय ठेवून चढत, हें सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. आपल्या घरीं वा शेजारीं असा कोणी वृद्ध असेल, तर त्याला विचारून घ्या. आमचे आजोबा आतां नाहींत. त्यांना विचारावयाचें माझें पुष्कळ राहून गेलें.